बावन्नाव्या वर्षी आत गेलेले दोघं

लिंकन आणि केनेडीचं ते फॉरवर्ड आपल्यापैकी प्रत्येकाला निदान चारदा तरी आलेलं असणार. एक १८६० ला निवडून आला, दुसरा १९६० ला, दोघांनाही शुक्रवारी गोळी लागली, दोघांच्याही नंतर जॉन्सन नावाचा माणूस अध्यक्ष झाला वगैरे. त्यातलं काही खरं आहे आणि काही कुणीतरी मागाहून घुसडलेलंय (लिंकनच्या सेक्रेटरीचं नाव केनेडी होतं म्हणे, त्याला काडीचा पुरावा नाही). माझं म्हणणं इतकंच की असले योगायोगच गोळा करायचे असतील तर अमेरिकेला कशाला जायचं, आपल्याकडे याहून भारी जोडी पडलेली आहे, टिळक आणि नेहरू.

आता ही नावं एकत्र घेतली की लोकांच्या भुवया वर जातात. एक पुण्याचा, पगडी-उपरण्यातला, केसरीवाला. दुसरा अलाहाबादचा, आनंद भवनातला, हॅरो आणि केंब्रिजवाला. वयात तेहतीस वर्षांचं अंतर. पण हे बघा.

२२ जुलै १९०८ ला रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावरांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षं पूर्ण झाली. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत नेहरूंना उचललं तेव्हा तेही बावन्न वर्षांचेच. टिळकांनी ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं ते नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११, म्हणजे पाच महिन्यात, वय चोपन्न. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं ते एप्रिल ते सप्टेंबर १९४४, तेही पाच महिन्यात, आणि वय? चोपन्न. शपथेवर सांगतो यात मी काहीही घुसडलेलं नाही, टिळकांनी तर प्रस्तावनेत शके १८३२ च्या तिथ्यासकट लिहून ठेवलंय आणि नेहरूंनीही महिने दिलेत.

हे जुळलं तेव्हा मला भयंकर आनंद झाला आणि मग लक्षात आलं की यातून कळत काहीच नाही. वय जुळलं, महिने जुळले, पुढे काय? म्हणून मग मी उलट बाजूने बघायला लागलो, जिथे जुळत नाही तिथे, आणि खरी मजा तिकडे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आत जायची पद्धत. टिळकांवर रीतसर खटला झाला. बिहारातल्या मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांचा बॉम्ब १९०८ च्या एप्रिलमध्ये फुटला, त्यावर केसरीत लेख आले, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत', आणि त्या लेखांवर राजद्रोह. टिळक एलएलबी होते, वकिली कधी केली नाही पण पुण्यात लॉ क्लास चालवायचे, आणि या खटल्यात ते स्वतःच उभे राहिले आणि एकवीस तासांच्या वर बोलले. एकवीस तास! ज्युरीने सात विरुद्ध दोन असं दोषी ठरवलं. गंमत (म्हणजे गंमत नाही, पण तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय) ही की समोर बसलेले दावर १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या केसमध्ये बॅरिस्टर म्हणून टिळकांचा जामीन मागायला उभे होते. वकील म्हणून जो माणूस तुमच्या बाजूने भांडला तोच अकरा वर्षांनी जज म्हणून तुम्हाला मंडालेला पाठवतो. निकालानंतर टिळक जे बोलले, की या कोर्टाच्या वरती एक मोठी सत्ता आहे आणि माझ्या मोकळं राहण्यापेक्षा माझ्या कष्टानेच माझ्या कामाची भरभराट व्हावी अशी तिची इच्छा असेल, ते शब्द आता त्याच हायकोर्टात संगमरवरावर कोरलेत, १९५६ साली न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते.

नेहरू लंडनला शिकलेले बॅरिस्टर. आणि या बॅरिस्टरने स्वतःवरच्या खटल्यांमध्ये बचाव करायचाच नाही असं धोरण ठेवलं, कारण असहकाराचं तत्त्वच ते, की तुमचं कोर्ट आम्ही मानत नाही. १९४० ला गोरखपूरला त्यांनी कोर्टात निवेदन केलं, बचाव नाही केला, चार वर्षांची सक्तमजुरी घेतली (वर्षभराने सुटले हा भाग वेगळा). आणि १९४२ ला तर खटलाच नाही. आरोप नाही, ज्युरी नाही, मुदत नाही. गाडीत घातलं, वाटेत चिंचवडला गांधीजींना वगैरे उतरवून आगाखान पॅलेसला नेलं आणि काँग्रेसच्या उरलेल्या वर्किंग कमिटीला नगरच्या भुईकोट किल्ल्यात. कुठे ठेवलंय हे बाहेर कुणाला सांगायचं नाही.

मला यात नेहमी एक प्रश्न पडतो. सहा वर्षं म्हणजे अफाट मुदत आहे, पण टिळकांना तारीख माहीत होती, दिवस मोजता येत होते. नेहरूंचे शेवटी १०४१ दिवस भरले, म्हणजे टिळकांच्या निम्म्याहूनही कमी, पण आत असताना त्यांना तो आकडा माहीत नव्हता, युद्ध संपेपर्यंत की त्याच्याही पुढे, कुणीच सांगत नव्हतं. यातलं जड काय? मी टिळकांच्या बाजूने मत देतो कारण मधुमेह असलेल्या माणसाला घरापासून समुद्रापलीकडे एकट्याला सहा वर्षं ठेवणं ही वेगळीच गोष्ट आहे. पण खटल्याशिवायची, मुदत नसलेली कैद टिळकांच्या आधीपासूनच होती (१९०७ ला लाला लजपतरायांना तशीच मंडालेला नेली होती) आणि ती आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही टिकली, हे जाता जाता.

दुसरी गोष्ट, सोबत. मंडालेत टिळकांच्या वॉर्डात कोण? स्वयंपाकाला दिलेला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी. बास. लाकडी फळ्यांची इमारत, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत वारा आरपार. (पुढे १९२५ ला सुभाषबाबूंना त्याच मंडालेला नेलं तेव्हा त्यांनी नरसिंह चिंतामण केळकरांना पत्र लिहून हे सगळं वर्णन केलं, की लोकमान्यांनी इथे सहा वर्षं कशी काढली असतील.) पुस्तकं मिळायची, शेवटी चारेकशेच्या घरात गेली म्हणतात, पण राजकारणावर लिहायचं नाही, शाई नाही, पेन्सिल, ती पण तासून दिलेली, आणि वह्या बांधलेल्या, पानांवर आकडे टाकलेल्या, म्हणजे पान फाडलं तर कळावं. जर्मन, फ्रेंच आणि पाली हा माणूस तिथे एकटा बसून शिकला. आणि या कुलकर्ण्याने नंतर सांगितलेल्या आठवणींत चिमण्या येतात, टिळक जेवायला बसले की चिमण्या बिनधास्त जवळ यायच्या, अंगाखांद्यावर बसायच्या.

नगरला बाराजण. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, कृपलानी, पट्टाभी, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. अर्धं पुढचं सरकारच म्हणा की! पुस्तकाच्या प्रस्तावनेत नेहरू म्हणतात की या कंपनीत देशातल्या बहुतेक मोठ्या भाषा होत्या आणि वर संस्कृत, पाली, अरबी, फारसी. म्हणजे काही अडलं तर उठायचं आणि शेजारच्या खोलीत जाऊन विचारायचं, पालीसाठी आणि बौद्धांसाठी नरेंद्र देव, अरबी-फारसीसाठी मौलाना. टिळकांना अडलं तर टिळकांनाच विचारायला लागायचं.

हा फरक दोन्ही पुस्तकांत जाणवतो, निदान मला जाणवतो. गीतारहस्य हे स्वतःशी वाद घालणाऱ्या माणसाचं पुस्तक आहे. शंकराचार्य म्हणतात ज्ञान झाल्यावर कर्म सोडा, टिळक म्हणतात नाही, गीता तसं म्हणत नाही, ज्ञान झाल्यावरही लोकांसाठी कर्म करतच राहायचं, आणि मग हे एकच म्हणणं ते चारही बाजूंनी बांधत जातात, मिमांसा, सांख्य, वेदान्त, मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन, कुणाला सोडत नाहीत. पूर्वपक्ष पण तेच, उत्तरपक्ष पण तेच. वाचताना दमछाक होते, खोटं कशाला बोला. बऱ्याच मराठी घरांत ते कपाटात काचेमागे उभं असतं आणि एखाद्या वर्षी धूळ पुसायला खाली येतं. पण त्याची प्रस्तावना तरी वाचाच. सुरुवातीलाच तुकोबा, 'संतांची उच्छिष्टें बोलतों उत्तरें'. आणि मग ते सांगतात की गीतेशी पहिली ओळख सोळाव्या वर्षी झाली, १८७२ ला, वडील शेवटच्या आजारात होते आणि त्यांना भाषाविवृति नावाची गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवायचं काम यांच्याकडे होतं. तो मुलगा चोपन्नाव्या वर्षी त्याच पुस्तकाशी परत जाऊन बसला.

आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातून जातच नाही, की सरकारने ज्या माणसाचे हातपाय बांधून त्याला सहा वर्षं रिकामं बसवलं तो माणूस तिथे बसून काय लिहितो, तर कर्म सोडू नका!

नेहरूंचं उलट. त्यांच्या पुस्तकाला एक प्रश्न असा नाहीच, किंवा आहे पण तो इतका मोठा आहे की त्यात काहीही मावतं, हा देश म्हणजे नेमकं काय? सुरुवात १३ एप्रिल १९४४ च्या नोंदीपासून, चंद्रकोर, नववा तुरुंगवास, किल्ल्याच्या आवारात बागेसाठी खणायला घेतलं तर खालून जुन्या भिंतींचे अवशेष निघाले, चांदबिबी आठवली, आणि तिथून जो निघतो हा माणूस तो मोहेंजोदडो, बुद्ध, अशोक, अकबर, कंपनी सरकार, मध्येच कमला नेहरूंचा मृत्यू, मग परत उपनिषदं. ज्याला शिस्तशीर इतिहास हवा त्याने त्या वाटेला जाऊ नये. पण चार भिंतींत कोंडलेल्या माणसाने पाच हजार वर्षं आणि हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतचा पसारा डोक्यात फिरून यावं यात मला गीतारहस्यासारखंच काहीतरी दिसतं. जे काढून घेतलं होतं त्यावरच दोघांनी लिहिलं. एकाचं काम काढून घेतलं होतं, दुसऱ्याचा देश. नेहरू म्हणजे कायम गाडीने, विमानाने, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने देशभर फिरणारा माणूस, १९३६-३७ च्या निवडणूक दौऱ्यात तर अक्षरशः लाखो लोक बघितलेला, आणि आता रोज तेच अकरा चेहरे.

अर्पणपत्रिका पण बघा. टिळकांची संस्कृतात, 'श्रीशाय जनतात्मने', म्हणजे जनता हेच ज्याचं रूप त्या देवाला. एकटा बसलेला माणूस अख्ख्या जनतेला पुस्तक देतो. आणि नेहरू, जे पुढे अख्ख्या जनतेचे होणार होते, ते देतात नगरच्या किल्ल्यातल्या सोबत्यांना, तारखा घालून, ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५.

आता घरचं. सत्यभामाबाई ७ जून १९१२ ला पुण्यात गेल्या. टिळकांना मंडालेत तार. सुटायला अजून दोन वर्षं होती. त्यांनी भाच्याला, धोंडोपंत विद्वांसांना, पत्र लिहिलं त्यात आहे की संकटं शांतपणे सोसायची सवय असूनही हा धक्का जबर बसला, आणि जास्त खुपतं ते शेवटी आपण जवळ नव्हतो हे. बास, यापुढे रडारड नाही. नेहरूंच्या बाबतीत कमला नेहरू जर्मनीत बाडेनवायलरला अत्यवस्थ झाल्या तेव्हा सप्टेंबर १९३५ ला सरकारने त्यांना अल्मोड्याच्या तुरुंगातून मुदतीआधी सोडलं आणि २८ फेब्रुवारी १९३६ ला लोझानला त्या गेल्या तेव्हा ते जवळ होते. तेवीस वर्षांत तेच साम्राज्य एवढं मऊ झालं होतं का? मला वाटतं सरकारचं मन नव्हे, आकडे बदलले होते. १९०८ ला टिळकांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, गोळीबार झाला, तरी टिळकांना दूर नेऊन ठेवणं सरकारला परवडलं. १९३५ ला नेहरूंची बायको तिकडे मरते आहे आणि नवरा इकडे कोठडीत आहे ही बातमी जगभर गेली असती.

पण इथे माझी जोडी मोडते बरं का. नगरच्या त्या बारा जणांत टिळकांचं आयुष्य ज्याच्या आयुष्याशी खरं जुळतं तो माणूस नेहरू नव्हेच, तो शेजारच्या खोलीतला मौलाना आझाद. आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम एप्रिल १९४३ ला कलकत्त्याला गेल्या आणि बातमी किल्ल्यात आली. त्याआधी त्यांच्या आजाराच्या तारा येत होत्या तेव्हा सुपरिंटेंडेंट (त्याला या लोकांनी चीता खान असं नाव पाडलं होतं, चांदबिबीच्या वेळच्या किल्ल्यावरच्या माणसावरून) विचारून गेला की सरकारला काही कळवायचं असेल तर सांगा, मी पोचवतो. मौलाना म्हणाले, मला काहीही कळवायचं नाही. धर्मग्रंथावर भाष्य म्हणाल तर यांचंही आहे, कुराणावरचं, तेही बरंचसं नजरकैदेच्या काळात घडलेलं. आणि नगरला त्यांनी लिहिलेली जी पत्रं आहेत, न पाठवलेली, जी गुबार-ए-खातिर नावाने छापली, त्यात एक अख्खं प्रकरण कशावर असेल? खोलीत येणाऱ्या चिमण्यांवर. त्यांच्याशी वैर कसं झालं, मग दोस्ती कशी झाली, दाणे टाकून टाकून त्या हातापर्यंत कशा आल्या. मंडालेत टिळकांच्या चिमण्या आणि नगरला मौलानांच्या. (नेहरूंची खार होती, ती लखनौच्या तुरुंगात, हा वाचत बसलेला असताना पायावरून चढून गुडघ्यावर येऊन बसायची.) मराठी माणसाला टिळक आणि आझाद यांना एका वाक्यात बसवायला जरा अवघड जातं, माझ्या घरी मी हे बोललो तेव्हा काका मिनिटभर माझ्याकडे नुसते बघत होते. पण त्या दोन पंडितांच्या मनाची ठेवण एक आहे, आधी ग्रंथ, मग राजकारण, आणि दुःखाबद्दल कमी बोलायचं.

नेहरू आणि टिळक यांचा एकमेकांशी संबंध तसा तुटपुंजाच, पण आहे. केंब्रिजला असताना तिथली हिंदुस्थानी पोरं, नेहरूंच्याच म्हणण्याप्रमाणे, जवळजवळ सगळी टिळकपक्षाची, जहाल. होमरूल लीगच्या वेळी ते टिळकांच्याही लीगमध्ये होते आणि बेझंटबाईंच्याही, काम मात्र जास्त बेझंटबाईंच्या लीगचं केलं. १ ऑगस्ट १९२० ला टिळक मुंबईत सरदारगृहात गेले त्या सकाळी नेहरू गांधीजींबरोबर सिंधच्या दौऱ्यावरून मुंबईला पोचले आणि अंत्ययात्रेत चालले. आणि मग चोवीस वर्षांनी नगरला बसून गीतेवर लिहिताना त्यांनी एवढंच म्हटलं की टिळक, अरविंद घोष, गांधी यांनी त्यावर लिहिलंय, प्रत्येकाने आपापला अर्थ लावलाय. एका वाक्यात निकाल! माझी नेहरूंवर या पुस्तकापुरती तक्रार असेल तर ही. ज्या अवस्थेत ते पुस्तक लिहिलं गेलं नेमक्या त्याच अवस्थेत तुम्ही बसलायत, तुरुंग, पाच महिने, वहीची पानं, तर दोन पानं टिळकांना द्यायला काय हरकत होती?

एक भूगोलाचं राहिलं, ते सांगतोच. टिळक जन्मले रत्नागिरीत. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, ज्याची राजधानी मंडाले, त्याला इंग्रजांनी १८८५ ला पकडून नंतर ठेवला कुठे, तर रत्नागिरीत. म्हणजे रत्नागिरीचा माणूस थिबाच्या राजवाड्याच्या कोटातल्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला समुद्राकडे बघत बसलेला, एकाच वेळी, १९०८ ते १९१४. थिबा पॅलेस १९१० चा, जेव्हा टिळक गीतारहस्य लिहायला बसले त्या सुमाराचा. आणि मंडालेचा तो राजवाडा दुसऱ्या महायुद्धात जळाला तो मार्च १९४५ ला, म्हणजे ज्या महिन्यात नेहरूंना नगरहून हलवलं त्याच महिन्यात. हं, आता मीच फॉरवर्ड करायला लागलो.

सुटल्यावरचं मात्र अजिबात जुळत नाही. टिळकांना जून १९१४ मध्ये मध्यरात्री गुपचूप पुण्याला गायकवाड वाड्याच्या दारात आणून सोडलं. हस्तलिखित सरकारकडेच अडकलं होतं, ते लगेच परत मिळेना, लोक काळजीत, आणि यांचं म्हणणं असं की वह्या त्यांच्याकडे असल्या तरी पुस्तक माझ्या डोक्यात आहे, परत लिहून काढीन. वह्या मिळाल्या, १९१५ ला पुस्तक छापून आलं. नेहरू १५ जून १९४५ ला सुटले आणि दहा दिवसांत सिमला परिषद, मग निवडणुका, मग हंगामी सरकार. पुस्तक परत हातात घेऊन घासूनपुसून काढायला सवडच नाही, प्रस्तावनेवर तारीख २९ डिसेंबर १९४५ ची. टिळकांना पुढे सहा वर्षं मिळाली, नेहरूंना एकोणीस, त्यातली सतरा पंतप्रधान म्हणून, आणि त्या एकोणीस वर्षांत नेहरूंनी भाषणं हजारो केली, मुख्यमंत्र्यांना दर पंधरवड्याला पत्रं लिहिली, पण पुस्तक म्हणून नवीन एकही लिहिलं नाही.

टिळकांनी तर मंडालेत पुढे लिहायच्या पुस्तकांची यादीच केली होती. हिंदू धर्माचा इतिहास, शिवाजी महाराजांचं चरित्र, शांकर दर्शन, हिंदू लॉ, खाल्डिया आणि भारत, आणि इन्फिनिटेसिमल कॅल्क्युलसवरचं एक (डेक्कन कॉलेजचा गणितवाला शेवटपर्यंत आत जिवंत होता). बाहेर आले ते होमरूल लीग, लखनौ करार, मग चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारावर अब्रूनुकसानीचा दावा लावायला लंडनची वारी, ती केस हरली, कर्ज डोक्यावर. यादीतलं गीतारहस्य तेवढं झालं, बाकीचं एकही नाही. त्यातलं कॅल्क्युलसचं पुस्तक तेवढं मला वाचायला आवडलं असतं, मराठीतून, टिळकांच्या त्या भांडखोर भाषेत.